बँकेत एक कोटी दहा लाख, पण त्यातले मोकळे किती?

विशेष मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या एका न्यासाने मला विश्वस्त व्हाल का, असं विचारलं. होकार-नकार काही न देता मी आधी पाच वर्षांची ऑडिट झालेली पत्रकं मागवली. शाळेचं काम मी जवळून पाहिलं होतं, त्याबद्दल मनात किंतु नव्हता. पण संस्था चांगलं काम करते आहे एवढ्यावरून ती आणखी दहा वर्षं तग धरेल, असं मानता येत नाही. ते वह्या उघडल्याशिवाय कळत नाही. आणि विश्वस्त म्हणून शेड्यूल एकवर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीवर, नाव चढलं की त्या वह्यांतल्या प्रत्येक आकड्याला आपण जबाबदार असतो.

बँकेच्या कर्ज विभागात मी नोकरीभर ताळेबंदच वाचले. मात्र कंपनीचा ताळेबंद वाचणारी नजर न्यासाला तशीच्या तशी लावता येत नाही. कंपनीकडे आलेला पैसा एकदा आला की तिचा. न्यासाकडे येणाऱ्या रुपयाला बहुतेक वेळा कुणाची तरी अट चिकटलेली असते: हा इमारतीसाठी, हा थेरपिस्टच्या पगारासाठी, याचं फक्त व्याज वापरायचं. म्हणून मला शोधायचं होतं ते एवढंच, की उद्या देणग्या आटल्या तर कुणाचीही अट न मोडता ही शाळा किती महिने चालेल? (संस्थेची ओळख पटू नये म्हणून पुढचे आकडे थोडे बदलले आहेत, त्यांचं आपसातलं प्रमाण मात्र तेच ठेवलं आहे.)

फाइल आली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाचा ताळेबंद शेड्यूल आठच्या नमुन्यात असतो आणि उत्पन्न-खर्च पत्रक शेड्यूल नऊच्या. बहुतेक जण थेट तिथेच जातात. मी सुरुवात केली ती पुढे जोडलेल्या लेखापरीक्षकाच्या अहवालापासून. नियम १९ प्रमाणे लेखापरीक्षकाला ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशेबाशी जुळतात का? एक वर्षापेक्षा जास्त काळ थकलेली येणी किती आणि बुडीत म्हणून सोडलेली किती? ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या का? न्यासाच्या उद्देशाबाहेर पैसा वापरला गेला का? कुणी विश्वस्त न्यासाचा ऋणको (न्यासाला देणं असलेला) किंवा धनको (न्यासाकडून येणं असलेला) आहे का? मागच्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दुरुस्त झाल्या का? दोन-तीन पानांचाच मामला असतो, पण पाच वर्षांची ही पानं शेजारी शेजारी ठेवली की संस्थेचा स्वभाव दिसतो. इथे उत्तरं जवळपास स्वच्छ होती. फक्त अर्थसंकल्प दाखल केला का, या प्रश्नापुढे सलग तीन वर्षं ‘नाही’ होतं. धर्मादाय आयुक्तांकडे कागद गेला नाही एवढंच मला त्यात दिसलं नाही. अंदाजपत्रक बनतच नसावं, अशी शंका आली आणि ती पुढे खरी ठरली.

मग ताळेबंद. बँकेत आणि ठेवींत मिळून १ कोटी १० लाख रुपये. कोषाध्यक्षांनी हा आकडा फोनवरच अभिमानाने सांगितला होता, आणि अभिमान वाटावा असाच तो होता. वीस वर्षं रुपया रुपया जोडून तो उभा राहिलेला. पण ताळेबंदाची दुसरी बाजू वाचत गेलं की त्याचे थर सुटत जातात. ६२ लाख हा कायम निधी, म्हणजे कॉर्पस. देणगीदारांनी तसं लिहून दिलेला, वेगळा गुंतवून ठेवायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. २७ लाख इमारत निधी. पावत्यांवर ‘नवीन वसतिगृहासाठी’ असं छापलेलं, तेव्हा तेही बांधलेले. उरले २१ लाख, ज्यांना ताळेबंदात कुठलंच नाव नव्हतं. कागदावर हे मोकळे.

त्या २१ लाखांकडे वळण्याआधी कायम निधीबद्दल. मोठा कॉर्पस म्हणजे संस्था सुरक्षित, असा आपल्याकडे पक्का समज आहे. ६२ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज येतं ४ लाख ३४ हजार. या शाळेचा वर्षाचा खर्च ७६ लाख, त्यातला ४ लाखांचा घसारा वगळला (तो प्रत्यक्ष हातातून जात नाही) तर ७२ लाख, म्हणजे महिन्याला ६ लाख. थोडक्यात, वीस वर्षांची सगळी कायम पुंजी मिळून वर्षातला पूर्ण एक महिनाही भागवत नाही. देणगीदाराला आपलं नाव कायम राहावं असं वाटतं, ती भावना मी समजू शकते, पण कायम निधीत दिलेले ५ लाख शाळेला वर्षाला ३५ हजार देतात आणि तेच ५ लाख बिनशर्त दिले तर जवळजवळ महिनाभराचे पगार, वीज, औषधं सगळं निघतं. हे देणगीदारांना कुणी समजावून सांगत नाही.

आता उत्पन्न-खर्च पत्रक. जमा ८५ लाख, खर्च ७६ लाख, वाढावा ९ लाख. विश्वस्तांच्या बैठकीच्या इतिवृत्तात ‘यंदा ९ लाखांची शिल्लक राहिल्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले’ अशी नोंद होती. मी मोठ्या देणग्यांची खतावणी मागितली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, ९ लाख आले होते. करार वाचला: ही रक्कम पुढच्या आर्थिक वर्षातल्या दोन थेरपिस्टच्या पगारासाठी. पैसा मार्चमध्ये आला म्हणून मार्चमध्ये जमा दाखवला, खर्च मात्र एप्रिलनंतर होणार. म्हणजे ज्याबद्दल समाधान व्यक्त झालं ती शिल्लक पुढच्या वर्षाची उचल होती. ती बाजूला काढली की वर्ष जेमतेम तोंडमिळवणी करून संपलेलं. आणि ताळेबंदातले मोकळे २१ लाखही १२ वर आले.

इथे लपवाछपवी कुणीच केलेली नव्हती, हे मला ठासून सांगायचं आहे. हिशेब रोखीच्या पद्धतीने ठेवले जात होते. आला की जमा, गेला की खर्च. पण या पद्धतीत जे अजून गेलेलं नाही ते दिसतच नाही, म्हणून ताळेबंदात नसलेली देणी मला वेगळी शोधावी लागली. कार्यालयात ‘द्यायची बिलं’ अशी फाइल होती. मार्चअखेरची न चुकवलेली बिलं १ लाख ७५ हजारांची निघाली. त्यानंतर मी कर्मचाऱ्यांची यादी मागितली, नेमणुकीच्या तारखांसह.

ही यादी मी प्रत्येक संस्थेत मागेन. बावीस कर्मचारी, त्यातले निम्म्याहून जास्त दहा वर्षांच्या वर टिकलेले. टिकून राहिलेली माणसं हीच या शाळेची ताकद आहे, आणि त्यांचं देणं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की ग्रॅच्युइटी द्यावीच लागते, आणि हिशेब सोपा आहे: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. मुलींच्या वसतिगृहाच्या मावशींचा पगार १५,६०० रुपये. त्यांचे एका वर्षामागे ९,००० होतात. अठरा वर्षांचे १ लाख ६२ हजार. अशी एकेक ओळ धरत मी बेरीज केली. ती ११ लाखांवर गेली. सगळे उद्याच निवृत्त होणार नाहीत हे खरं, पण तिघांची निवृत्ती येत्या दोन वर्षांत होती आणि तिघंही सर्वांत जुने.

१२ लाखांतून हे ११ लाख आणि ती बिलं वजा करा. ७५ हजारांची तूट येते. बँकेत १ कोटी १० लाख असलेल्या संस्थेकडे तिचा स्वतःचा म्हणावा असा पैसा नव्हता.

आणि हे चित्रही ३१ मार्चचं, कारण ताळेबंद त्या दिवसाचा असतो. आपल्याकडे देणग्यांचा ओघ जानेवारी ते मार्चमध्येच असतो, करसवलतीची मुदत आणि कंपन्यांचं वर्षअखेर यामुळे. त्या दिवशी संस्था वर्षातली सर्वांत भरलेली दिसते. म्हणून मी पासबुकावरून दर महिन्याच्या शेवटच्या दिवसाची बचत खात्यातली शिल्लक एका कागदावर उतरवून काढली. या सगळ्या तपासणीत एवढा एक कागद कुणी केला तरी पुष्कळ होईल. एप्रिलमध्ये १९ लाख, जूनअखेर १० लाख, ऑगस्टअखेर ८० हजार. आणि सप्टेंबरच्या ४ तारखेला अडीच लाख जमा, ७ तारखेला पगार. ऑक्टोबरमध्येही तसंच, दोन लाख.

हे साडेचार लाख कुठून आले? किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, नाव होतं कोषाध्यक्षांचं. मार्चमध्ये कंपनीचा पैसा आल्यावर त्यांना ते परत गेले होते, त्यामुळे ३१ मार्चला त्यांचं देणं शून्य, आणि ‘कुणी विश्वस्त धनको आहे का’ या प्रश्नापुढे लेखापरीक्षकाने लिहिलेलं ‘नाही’ त्या दिवसापुरतं खरं होतं. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “अहो ताई, मग पगार थांबवायचे होते का? या बायका रात्री-अपरात्री मुलांना फिट आली तरी उठतात. सात तारीख चुकली नाही पाहिजे, एवढं मी बघतो. व्याज एक पैसा घेतलेलं नाही.”

त्यांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. असा माणूस मिळणं हे संस्थेचं भाग्य. पण न्यासासाठी कर्ज घ्यायला, मग ते बिनव्याजी का असेना, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि ती नव्हती. शिवाय थेरपिस्टच्या पगारासाठी आलेल्या पैशातून हातउसने फेडले गेले, म्हणजे एकाची अट मोडून दुसऱ्याचं देणं भागलं आणि पुढच्या ऑगस्टचा खड्डा आणखी खोल झाला. सर्वांत महत्त्वाचं, एका सत्तरीच्या गृहस्थांच्या खाजगी बचतीवर बावीस जणांचे पगार उभे होते आणि विश्वस्त मंडळातल्या बाकीच्यांना याची कल्पनाच नव्हती. संस्थेच्या प्रकृतीबद्दल माझ्या हाती लागलेला सर्वांत बोलका पुरावा हाच.

उत्पन्न कुठून येतं, हे पाहायला वेळ लागला नाही. ८५ लाखांतले ३८ लाख त्या एकाच कंपनीचे, म्हणजे पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. करार दर वर्षी नव्याने. सीएसआरच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत बांधिलकी देण्याची सोय आहे, पण शाळेने ती कधी मागितलीच नव्हती. कंपनीच्या नफ्याच्या सरासरीवर सीएसआरची रक्कम ठरते. धंदा मंदावला की शाळेचा घास कमी होणार, आणि त्यावर शाळेचं काहीच नियंत्रण नाही.

संस्थेचं नाव काढलं की लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो प्रशासकीय खर्चाचा. इथे तो ६ टक्के होता आणि माहितीपत्रकावर ठळक छापलेला. मला तो आकडा पाहून बरं वाटलं नाही. हिशेबनीस अर्धवेळ, त्यामुळे मार्चची कीर्द जूनमध्ये लिहून व्हायची. अंदाजपत्रक नाही, कारण करायला माणूस नाही. देणगीदारांना वर्षातून एकदाही पत्र जात नाही. परदेशी देणग्यांसाठीच्या एफसीआरए कायद्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० वरून २० टक्क्यांवर आणली गेली. त्या कडक केलेल्या मर्यादेच्याही खूप खाली राहून ही शाळा स्वतःची दृष्टी मंद करून घेत होती. पैसा खाल्ला जातो आहे का, हे तपासायला हा आकडा कामाचा आहे, संस्था निरोगी आहे का हे त्यातून कळत नाही. खाल्ला जात नव्हता, हे मी व्हाउचरवरून खात्रीने सांगू शकते: विश्वस्तांचं मानधन कोरं, प्रवासखर्च एसटीच्या तिकिटांसकट लावलेला.

ठेवींच्या पावत्या हाताळताना आणखी एक गोष्ट दिसली. ४० लाख एकाच नागरी सहकारी बँकेत, कारण तिथे अर्धा टक्का जास्त. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे, तेही ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाखच होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदारांची काय अवस्था झाली, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. ४० लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला २० हजार. एवढ्यासाठी ३५ लाख विम्याबाहेर ठेवायचे नसतात.

शेड्यूल एकच्या उताऱ्यावर दोन दिवंगत विश्वस्तांची नावं अजून होती. बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की पुढे खात्यावरच्या सह्या बदलताना बँक अडून बसते. हे काम वकिलांकडे सोपवून मी पुढे गेले.

मग बैठक झाली. महिनाअखेरच्या शिलकेचा कागद मी सगळ्यांच्या पुढे ठेवला आणि कोषाध्यक्षांची आधी परवानगी घेऊन हातउसन्यांचंही सांगितलं. मुख्याध्यापिका बाई काही वेळ त्या कागदावर ऑगस्टच्या आकड्याखाली बोट ठेवून बसल्या. त्यांनी विचारलं, “म्हणजे मी दर वर्षी नवीन मुलं घेत होते ती याच महिन्यांत?” प्रवेश जून-जुलैमध्ये होतात, तेव्हा हो, याच महिन्यांत.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका गैरसमजावर. कोषाध्यक्ष म्हणाले, “आपल्याला शिल्लक ठेवायचीच नसते. ८५ टक्के खर्च केलेच पाहिजेत, नाहीतर कर बसतो.” हे मी अनेक संस्थांत ऐकलं आहे. आयकराचा नियम असा आहे की उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च व्हावी, उरलेले १५ टक्के दर वर्षी बिनशर्त राखता येतात. ८५ लाखांवर ते १२ लाख ७५ हजार होतात. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर ठरावीक हेतू लिहून, मुदतीत अर्ज भरून पाच वर्षांपर्यंत साठवता येतं. कायद्याने गंगाजळीला वाट ठेवली आहे. शाळेच्या सीएंनीही बैठकीत हेच सांगितलं, आणि इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही म्हणाले.

कुणीतरी सुचवलं, ठेवींवर ओव्हरड्राफ्ट घेऊ. तेही कर्जच, त्यालाही आयुक्तांची परवानगी लागणार, आणि कायम निधी तारण ठेवायचा विचार मला मुळीच पटला नाही. त्याऐवजी देणगी मोहीम फेब्रुवारीतून उचलून जुलैमध्ये नेली. कंपनीला पत्र लिहिलं: रक्कम तीच द्या, पण तीन हप्त्यांत, आणि बांधिलकी वर्षाची नको, चालू प्रकल्पाची द्या. हप्ते त्यांनी मान्य केले. बांधिलकीचं अजून त्यांच्या समितीपुढे आहे. अटीचा पैसा यायचा तो आता वेगळ्या खात्यात जातो. ग्रॅच्युइटीसाठी एलआयसीच्या गट योजनेत दर वर्षी हप्ता भरायचा ठराव झाला. हिशेबनीस पूर्णवेळ झाले, त्यामुळे प्रशासकीय खर्च ९ टक्क्यांवर जाईल, आणि माहितीपत्रकावरची ती ओळ काढून टाकली आहे. नव्या वसतिगृहाचं काम मात्र मंडळाने पुढे ढकललं नाही. माझं मत ढकलावं असं होतं, कारण खोल्या वाढल्या की महिन्याचा खर्च वाढतो आणि इमारत निधी पगार देत नाही. बाईंचं म्हणणं होतं की मुली आज दाटीवाटीने झोपतात. मी माझं मत इतिवृत्तात नोंदवायला सांगितलं, आणि विश्वस्त व्हायला होकार दिला.

आता प्रत्येक बैठकीच्या कागदपत्रांत पहिलं पान ठरलेलं आहे: सगळे बांधलेले निधी आणि देणी वजा जाऊन उरलेली रक्कम, भागिले महिन्याचा खर्च. उद्दिष्ट सहा महिन्यांचं, म्हणजे ३६ लाख. गेल्या तिमाहीत उत्तर आलं दीड महिना. सप्टेंबरचे पगार संस्थेच्या पैशातून झाले. कंपनीखेरीज दुसरा मोठा देणगीदार अजून मिळालेला नाही, त्याच्यामागे सध्या आहोत.